ज्याचे उत्तर त्याने द्यावे

व्हायवाला बसलेल्या विद्यार्थ्याला 'ऊप्स'चा पहिला प्रश्न कोणता येणार हे आधीच ठाऊक असते, आणि त्याचे उत्तरही. चार पिलर्स: एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. एक्स्टर्नल मान डोलावतात, जर्नलवर सही होते आणि पुढचा रोल नंबर आत येतो. छत्रपती संभाजीनगरच्या इंजिनिअरिंगच्या आणि बीसीए, बीसीएसच्या वर्गांत वर्षानुवर्षे हे असेच चालले आहे. जालना, बीड, परभणीहून इथे शिकायला येणारी मुले हे चार शब्द पाठ करतात आणि पुढे पुण्याला नोकरीला किंवा सीडॅकच्या डिप्लोमाला जातात. मुले हुशार असतात, मेहनतीही असतात. पण त्यांना जरा पुढचा प्रश्न विचारून पाहा. सी++ खरोखर ऑब्जेक्ट ओरिएंटेड आहे का? जावा तिच्यापेक्षा जास्त आहे की कमी? जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पर्यंत क्लास लिहिण्याची सोयच नव्हती, मग ती कोणत्या रांगेत बसवायची? इथे वर्ग गप्प होतो. पाठ केलेल्या चार शब्दांतून याचे उत्तर निघत नाही, कारण ते चार शब्द म्हणजे लग्नघरातली सामानाची यादी आहे. लग्न कोणाचे ते यादीत लिहिलेले नसते.

माझे म्हणणे पहिल्याच पानावर सांगून टाकतो, म्हणजे ते मान्य आहे की नाही हे पुढची प्रकरणे वाचताना तुम्हाला पारखता येईल. प्रोग्रामच्या एका भागाने दुसऱ्याला काही विचारावे. उत्तर कसे काढायचे हे विचारणाऱ्याला माहीत नसावे आणि माहीत करून घेण्याची वेळही त्याच्यावर येऊ नये. ज्याला विचारले त्याने ते आपल्यापाशी असलेल्या माहितीवरून, प्रोग्राम चालू असताना, स्वतः ठरवावे. ज्या भाषेत हे रोजच्या लिहिण्यात विनासायास घडते ती ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा. क्लास असणे, एका क्लासमधून दुसरा काढता येणे, 'प्रायव्हेट' हा शब्द असणे या सगळ्या या कामासाठी पुरवलेल्या सोयी आहेत. त्यातली एखादी नसली तरी चालते. मूळ गोष्टच नसेल तर बाकीच्या सगळ्या असूनही उपयोग नाही.

पाठ्यपुस्तकांत या ठिकाणी कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करते. त्या उदाहरणात चूक झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही, म्हणून ते डोक्यात टिकत नाही. आपण आपल्या गावचे उदाहरण घेऊ. बाहेरगावाहून आलेल्या पर्यटकासाठी छोटा प्रोग्राम लिहायचा आहे: आज कोणती स्थळे पाहता येतील? बीबी का मकबरा रोज उघडा असतो. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. सी++मध्ये आपण 'स्थळ' नावाचा बेस क्लास लिहितो. त्यात 'उघडे आहे का' हे फंक्शन, जे सरळ 'हो' म्हणून मोकळे होते. त्यातून 'अजिंठा' हा क्लास काढतो आणि तेच फंक्शन तिथे नव्याने लिहितो: वार सोमवार असेल तर 'नाही'. वेरूळचेही तसेच, फक्त मंगळवार. मग स्थळांच्या पॉइंटरचा एक ॲरे, त्यावर एक लूप, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न. वार सोमवार ठेवून प्रोग्राम चालवा. क्लास आहेत, इन्हेरिटन्स आहे, डेटा प्रायव्हेट आहे, कंपायलरची एकही तक्रार नाही. पडद्यावर येते: अजिंठा, उघडे.

या उत्तरावर विसंबून पर्यटक शंभर किलोमीटर जाईल, फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावील आणि लेण्यांकडे जाणाऱ्या बसची चौकशी करील, तेव्हा त्याला खरे कळेल. चूक कुठे झाली? कंपायलरने पॉइंटरचा प्रकार पाहिला. तो 'स्थळ' असा होता. त्याने प्रोग्राम चालू होण्याच्या आधीच बेस क्लासचे फंक्शन तिथे जोडून टाकले. अजिंठ्याला कोणी विचारलेच नाही, त्याच्या वतीने दुसऱ्यानेच उत्तर दिले. आता बेस क्लासमधल्या त्या फंक्शनच्या आधी 'व्हर्च्युअल' एवढा एक शब्द घाला. बाकी एक अक्षरही बदलू नका. पुन्हा चालवा: अजिंठा, बंद. या शब्दामुळे प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या क्लासच्या फंक्शनांच्या तक्त्याचा पत्ता स्वतःजवळ बाळगू लागतो. प्रश्न आला की तो तक्ता उघडला जातो आणि त्यात जे फंक्शन लिहिलेले असेल ते चालते. निर्णय कंपायलरच्या हातातून निघून ऑब्जेक्टच्या हातात आला.

(याच प्रोग्राममध्ये पॉइंटरऐवजी 'स्थळ' या प्रकारचे ऑब्जेक्टच ॲरेत भरले तर 'व्हर्च्युअल' असूनही उत्तर पुन्हा चुकते. अजिंठ्याचा बेस क्लासपुरता भाग तेवढा कापून ॲरेत ठेवला जातो. याला 'स्लाइसिंग' म्हणतात. सी++ शिकवताना हा प्रयोग वगळू नये असे मी आग्रहाने सांगेन. ऑब्जेक्टची ओळख हरवते म्हणजे काय होते, हे एवढ्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.)

ही कल्पना अलीकडची नाही. आपले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली सुरू झाले, आणि ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन नायगार्ड आणि उले-योहान डाल यांचे सिम्युला भाषेवरचे काम साधारण त्याच सुमारास सुरू झाले. म्हणजे हा विषय आपल्या शहरातल्या अभियांत्रिकी शिक्षणाच्याच वयाचा आहे. नायगार्ड यांना प्रत्यक्षातल्या व्यवस्थांची नक्कल संगणकावर चालवायची होती: रांगेत उभी गिऱ्हाइके, बंदरात येणारी जहाजे, कारखान्यातली यंत्रे. अशा नकलेत प्रत्येक जहाजाची स्वतःची स्थिती असते आणि स्वतःची वागणूक असते. ही दोन्ही एका ठिकाणी ठेवण्याची गरज त्यांना अशी कामातूनच पडली. सिम्युला ६७ मध्ये क्लास होते, उपक्लास होते आणि 'व्हर्च्युअल' हा शब्दही होता. आजच्या सी++मधला तो शब्द तिथून आलेला आहे. या कामाबद्दल दोघांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दोघेही गेले.

सिम्युलाची एक प्रत अमेरिकेत युटा विद्यापीठात पोचली, आणि १९६६ साली तिथे नव्यानेच आलेल्या ॲलन के यांच्यापुढे ती पडली. प्रोग्रामचे लांबलचक कागद व्हरांड्यात जमिनीवर पसरून ते वाचावे लागले. के जीवशास्त्रही शिकलेले होते. त्यांना त्या कागदांत पेशी दिसल्या: प्रत्येक पेशी आपल्या आवरणात बंदिस्त, आतले आत, आणि एकमेकींशी संबंध फक्त निरोपांचा. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्दप्रयोग त्यांचाच. पुढे झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत त्यांनी स्मॉलटॉक भाषा आखली. १९७२ मध्ये डॅन इंगल्स यांनी तिचा पहिला चालता नमुना चक्क बेसिकमध्ये लिहून काढला, आणि तो अतिशय हळू का होईना, ३ + ४ ची बेरीज करून दाखवू लागला.

त्या बेरजेपाशी जरा थांबू, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे. स्मॉलटॉकमध्ये ३ हा ऑब्जेक्ट आहे. '+ ४' हा त्याला पाठवलेला निरोप आहे. बेरीज कशी करायची हे ३ ठरवतो. त्याच्या जागी अपूर्णांक असेल तर तो आपल्या पद्धतीने ठरवील. विचारणाऱ्याला फरक पडत नाही. याहून पुढची पायरी म्हणजे 'जर-तर'. इतर भाषांत 'इफ' हा भाषेचाच भाग असतो. स्मॉलटॉकमध्ये तोही निरोप आहे. 'खरे' आणि 'खोटे' हे दोन ऑब्जेक्ट. दोघांनाही एकच निरोप जातो: असे असेल तर हा कोड चालव, नसेल तर तो. 'खरे' हा ऑब्जेक्ट पहिला कोड चालवतो, दुसऱ्याकडे बघतही नाही. 'खोटे' हा दुसरा चालवतो. आत कुठेही 'इफ' नाही. वेग मिळावा म्हणून कंपायलर इथे काही आतली सोय करतो ही गोष्ट वेगळी; पण भाषेच्या रचनेत निर्णय घेणारे हे दोघेच. हे पहिल्यांदा नीट कळते तेव्हा अंगावर काटा येतो. संगणकशास्त्रात इतक्या थोड्या साधनांत इतके मोठे काम झालेली ठिकाणे फार नाहीत.

के यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे की 'ऑब्जेक्ट' या नावावर लोकांनी भर दिला, खरा भर निरोपांवर हवा होता. त्यांच्या मते तीन गोष्टी पुरतात: निरोप, प्रत्येकाने आपली स्थिती आपल्यापाशी जपून ठेवणे, आणि निर्णय शक्य तितका उशिरा घेणे. या तिन्हींत इन्हेरिटन्स नाही. आपल्या व्हायवातल्या चार स्तंभांपैकी सगळ्यात जास्त गुण ज्याला मिळतात तोच इथे गैरहजर आहे.

याला विरुद्ध मतही आहे, आणि ते वजनदार माणसांचे आहे. पीटर वेग्नर यांनी १९८७ साली भाषांची प्रतवारी केली. नुसते ऑब्जेक्ट असतील तर ऑब्जेक्ट-बेस्ड, त्यांना क्लास असतील तर क्लास-बेस्ड, आणि त्यावर इन्हेरिटन्स असेल तरच ऑब्जेक्ट ओरिएंटेड. आपल्याकडची बहुतेक पुस्तके कळत-नकळत हीच प्रतवारी गिरवतात. मला ती पटत नाही. त्याच वर्षी, १९८७ मध्ये, डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी सेल्फ ही भाषा मांडली. तिच्यात क्लासच नाहीत. एका ऑब्जेक्टवरून दुसरा बेतायचा, आणि ज्याचे उत्तर स्वतःला देता येत नाही ते मूळ ऑब्जेक्टकडे सोपवायचे. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टमध्ये हीच पद्धत घेतली. जगभरच्या ब्राउझरमध्ये रोज जे चालते ते ऑब्जेक्ट ओरिएंटेड नाही असे वेग्नर यांच्या प्रतवारीने म्हणावे लागेल, आणि ते म्हणणे मला डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखे वाटते.

इन्हेरिटन्सबद्दलची माझी शंका आपल्याच उदाहरणातून अधिक स्पष्ट होते. अजिंठा, वेरूळ, मकबरा आणि देवगिरी किल्ला ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यातली स्मारके. विद्यार्थी उत्साहाने 'पुरातत्त्व स्मारक' असा बेस क्लास करतो, तिकिटाचे नियम त्यात टाकतो आणि चौघांना त्याच्याखाली बसवतो. फार नीटनेटके दिसते. मग कोणीतरी म्हणते, पाणचक्की राहिली. पाणचक्की वक्फ मंडळाकडे आहे. तिचे तिकीट वेगळे, नियम वेगळे. तिला त्या क्लासखाली बसवले तर नको असलेले नियम वारशात येतात. बाहेर ठेवली तर ॲरेत घेता येत नाही. कुळाचार सांभाळायचा की काम करायचे, असा पेच. वास्तविक पर्यटकाच्या प्रोग्रामला पाणचक्कीचे कूळ कुठे हवे आहे? तिने 'उघडे आहे का' आणि 'तिकीट किती' या दोन प्रश्नांची उत्तरे दिली की झाले. पायथनमध्ये ती तशीच ॲरेत टाकता येते, कोणी गोत्र विचारत नाही. जावात 'इंटरफेस' लिहून हेच साधते. २००९ साली आलेल्या गो भाषेत इन्हेरिटन्स मुळीच नाही. एखाद्या प्रकाराकडे ठरलेली फंक्शने असली की तो आपोआप त्या इंटरफेसमध्ये बसतो.

सी++चा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये संशोधन करताना सिम्युला वापरली होती. तिची मांडणी त्यांना आवडली, वेग सोसवला नाही. १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी सी भाषेला क्लास जोडले. त्या पहिल्या रूपात क्लास होते, इन्हेरिटन्स होते, पण व्हर्च्युअल फंक्शन नव्हते. ते आले १९८३ मध्ये, आणि त्याच वर्षी भाषेला सी++ हे नाव मिळाले. म्हणजे सोमवारी अजिंठा उघडा दाखवणारा आपला पहिला प्रोग्राम ही सी++च्या बालपणाची हुबेहूब नक्कल आहे. पुढे 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे काय' याच प्रश्नावर लिहिताना त्यांनी एक मोलाचा भेद केला: एखादी गोष्ट भाषेत कशीबशी करता येणे वेगळे, आणि भाषेने ती सोपी, सुरक्षित आणि वेगवान करून देणे वेगळे. लिनक्सचे कर्नल सी भाषेत आहे. त्यातल्या प्रत्येक फाइल सिस्टीमपाशी 'वाच', 'लिही', 'उघड' अशा फंक्शनांच्या पत्त्यांचा एक स्ट्रक्चर असतो आणि कर्नल तोच तक्ता पाहून काम करते. विचार पूर्ण ऑब्जेक्ट ओरिएंटेड आहे, भाषा नाही. तक्ता माणसाने हाताने भरलेला आहे.

जावाबद्दल थोडक्यात. १९९५ पासून तिने ही शिस्त लाखो लोकांपर्यंत पोचवली आणि बहुतेक मेथड आपोआप व्हर्च्युअल ठेवल्या, हे तिचे मोठे श्रेय. तिच्यातला साधा 'इंट' मात्र ऑब्जेक्ट नाही, त्याला निरोप पाठवता येत नाही. मला त्याहून जास्त खटकते ती वर्गातली सवय: सगळे डेटा प्रायव्हेट करायचे आणि लगेच प्रत्येकाला गेटर-सेटर लावायचे. कडी लावली आणि किल्ली दारातच ठेवली. बाहेरचा कोड 'बंदचा वार' मागून घेतो आणि स्वतः निर्णय करतो. तो निर्णय दहा ठिकाणी लिहिला जातो, आणि नियम बदलला की नऊ ठिकाणी दुरुस्त होतो. तसेच ओव्हरलोडिंगचे. एकाच नावाची दोन फंक्शने, कोणते चालवायचे ते कंपायलर आधीच ठरवतो. त्याला पॉलिमॉर्फिझमचा पहिला प्रकार म्हणून ओव्हररायडिंगच्या मांडीला मांडी लावून बसवल्याने मुलांचा फार गोंधळ होतो. ते सोयीचे आहे, पण आपल्या विषयाशी त्याचा संबंध नाही.

जबाबदारी ऑब्जेक्टवर टाकली की विचारणाऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवायला हवा, आणि हा विश्वास फुकट मिळत नाही. बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ च्या भाषणात आणि पुढे १९९४ साली जेनेट विंग यांच्याबरोबर याची अट नेमकी केली: जिथे मूळ प्रकार चालतो तिथे त्याचा उपप्रकार ठेवला तर प्रोग्रामचे गृहीतक मोडता कामा नये. 'उघडे आहे का' या प्रश्नाला एखाद्या स्थळाने 'हो' किंवा 'नाही' न म्हणता प्रोग्रामच बंद पाडला, तर त्याचा क्लास कोणाचाही वारस असो, तो त्या रांगेत बसण्यास लायक नाही. या एका अटीवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते सगळ्यात लांब आहे.

ही पद्धत सगळीकडे चालते असे मी म्हणत नाही. नवे स्थळ जोडणे तिच्यात सोपे: एक नवा क्लास लिहिला, जुन्या ओळीला हात लावावा लागत नाही. नवा प्रश्न जोडणे अवघड: 'परदेशी पाहुण्यांना तिकीट किती' असे विचारायचे ठरले की प्रत्येक क्लास उघडावा लागतो. हास्केलसारख्या फंक्शनल भाषांत हे गणित उलटे असते. फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये या अडचणीला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असे नाव दिले. प्रश्न ठरलेले आणि उत्तर देणारे वाढत जाणार असतील तर ऑब्जेक्ट घ्यावेत. उत्तर देणारे ठरलेले आणि प्रश्न वाढत जाणार असतील तर दुसरा मार्ग पाहावा. वाळूजच्या कारखान्यातल्या यंत्रांवर देखरेख करणारा प्रोग्राम पहिल्या प्रकारचा असण्याची शक्यता मोठी, करांचा हिशेब दुसऱ्या.

पुस्तक मराठीत लिहिले, तरी क्लास, ऑब्जेक्ट, मेथड हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण लॅबमध्ये आपण तेच बोलतो. प्रत्येक प्रकरणात एकच उदाहरण चार भाषांत लिहिले आहे, म्हणजे कोणती भाषा कुठे मदत करते आणि कुठे आडवी येते हे शेजारी-शेजारी दिसेल. उदाहरणांचे उत्तर आधी कागदावर लिहा, मग प्रोग्राम चालवा. दोन्ही जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका.

एक विनंती यंत्राबद्दल. अजूनही अनेक ठिकाणी डॉसबॉक्समध्ये निळ्या पडद्याचे टर्बो सी++ उघडून प्रॅक्टिकल होते. ते १९९० चे साधन आहे. सी++चे पहिले मानक १९९८ चे. टर्बोवर शिकलेला विद्यार्थी मुलाखतीत 'आयोस्ट्रीम डॉट एच' लिहितो आणि पहिल्याच ओळीला अडकतो, हे त्याच्या कष्टांचे चीज नव्हे. आजचा जी++ कंपायलर, जावा, पायथन आणि स्मॉलटॉकच्या घराण्यातली फारो, चारही फुकट मिळतात. आधी तेवढे उतरवून घ्या. फारो उघडलीत की ३ + ४ लिहा, ती ओळ निवडा आणि 'प्रिंट इट' करा. सात येईल. मग फारोच्याच ब्राउझरमध्ये 'स्मॉलइंटिजर' हा क्लास शोधा आणि त्यात + या नावाची मेथड उघडा. पहिले प्रकरण त्या मेथडच्या पहिल्या ओळीपासून सुरू होते.